अर्ध्या सेकंदाचा कावळा

इसम नामे रावजी गोविंद पिलणकर, वय सुमारे पंचेचाळीस, धंदा फोटोग्राफी, राहणार रामआळी, रत्नागिरी. अंगलट सडपातळ, वर्ण सावळा, मिशी आहे. ओळखण्याची खूण : उजव्या हाताची बोटे तपकिरी, धुतल्याने पांढरी होत नाहीत. सदरहू इसमाच्या चालचलणुकीबद्दल दप्तरी तक्रार नाही. सदरहू इसमाने काढलेल्या फोटोत जे आहे ते होते व जे नाही ते नव्हते, असे धरून चालण्यास हरकत नाही.

यातलं शेवटचं वाक्य एका मॅजिस्ट्रेटाचं होतं. दोन शेजाऱ्यांत आवाराच्या दगडी गडग्यावरून खटला चालू होता. गडगा वाडवडिलांपासूनचा आहे, असं एक म्हणे. काल रात्री दगड रचलेत, असं दुसरा म्हणे. रावजीने काढलेल्या एका लग्नाच्या फोटोत वऱ्हाडाच्या मागे ती जागा आली होती आणि तिथे गडगा नव्हता; एक म्हैस होती. मॅजिस्ट्रेटाने फोटो प्रमाण मानला आणि निकालात ते वाक्य घातलं. रावजीने ते रंगाऱ्याकडून पाटीवर उतरवून घेतलं आणि दुकानाच्या दारावर लावलं. म्हशीचा उल्लेख गाळला.

तेव्हापासून कोर्टकचेरीत रावजीचं नाव झालं. पंचनामा असला, कुणी बुडून वर आला, बांध फुटला, की शिपाई रामआळीत येई. इतर वेळी तो माणसांचे फोटो काढी, म्हणजे माणसांना न हलता बसवी. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं, हे त्याचं तंत्र. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा. न हलण्याच्या प्रयत्नात माणसाचा चेहरा आपोआप दुःखी होतो. त्या काळातले रावजीचे फोटो पाहिले तर गावावर एखादी मोठी आपत्ती कोसळली होती असं वाटेल. नवरा-नवरीसुद्धा सुतकात असल्यासारखी दिसतात. त्याची सर्वांत स्वच्छ छायाचित्रं मेलेल्या माणसांची आहेत. ती हलत नसत.

आणखी एक काम तो मन लावून करी. काचेवर फोटो उलटा उमटतो. काळं ते तिथे पारदर्शक दिसतं, पांढरं ते गडद. देवीचे व्रण, नाकावर बसलेली माशी, सदऱ्यावरचा तेलाचा डाग, हे सगळं काचेवर विरळ ठिपक्यांसारखं येई. रावजी बारीक टोकाची पेन्सिल घेऊन ते ठिपके भरून काढी. भरले की कागदावर तिथे काळं उमटत नसे. गावातल्या निम्म्या लोकांचे व्रण त्याने असे बरे केले होते. ते गावाला माहीत होतं. पाटीवरचं वाक्यही गावाला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कुणाच्या मनात आल्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कस्टम खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने त्याच्या हातात एक नवा कॅमेरा ठेवला. साहेबाला पाखरांचा नाद होता. बदली झाली तेव्हा सामान हलकं करायचं म्हणून त्याने तो कॅमेरा रावजीला देऊन टाकला. त्यात झाकण काढण्याची भानगड नव्हती. काचेच्या पुढ्यात एक काळा कापडी पडदा होता आणि पडद्याला फट. खटका दाबला की फट काचेवरून सरकन जाई. फट अरुंद ठेवली आणि पडद्याचा ताण वाढवला तर सेकंदाचा पाचशेवा हिस्सा तेवढाच उजेड आत येई. फट रुंद, ताण ढिला, की अर्धा सेकंद. सेकंदाचे पाचशे तुकडे करता येतात ही कल्पनाच रावजीला पुऱ्या दोन रात्री झोपू देईना. आयुष्यभर तो माणसांना हलू नका म्हणत आला होता. आता हलणाऱ्याला थांबवायची सोय हातात आली होती.

तो मांडवीच्या जेटीवर जाऊ लागला. तिथे कुरव पक्षी पाण्यावर झेपावत, घारी मासळीच्या टोपल्यांवर घिरट्या घालत. सुरुवातीच्या काचांवर नुसता समुद्र आला. मग समुद्र आणि एक पुसट रेघ. मग एकदा अर्धी घार आली, मागची अर्धी. हळूहळू त्याला मार्ग सापडत गेला. सूर्य पाठीमागे घ्यायचा. भिंग होतं तेवढं उघडायचं. पाखराच्या मागे कॅमेरा पळवायचा नाही. पाखरू जिथे येणार ती जागा आधी धरायची, तिथे माशाचं डोकं टाकायचं, त्याच्यावर भिंग जुळवायचं आणि गप्प उभं राहायचं. लख्ख ऊन असेल तर पाचशेवा हिस्सा. ऊन जरा मऊ झालं तर अडीचशेवा, आणि पंखांची टोकं देवाच्या हवाली. ढग आला तर घरी जायचं, कारण काचा मंद असत. ढगाळ उजेडात पाचशेव्या हिश्शाला काच कोरी राही. उजेड, वेग आणि स्पष्टपणा ही तीन माणसं एका पंगतीला बसत नाहीत. दोघं बसली की तिसरं उठून जातं.

“दुकानात माणसं ताटकळतायत,” त्याची बायको राही म्हणाली, “नि तुम्ही घारींना जेवायला घालताय. त्या काय उद्या मुलांना घेऊन फोटो काढायला येणारायत?”

“त्या निदान ‘मी जाडी दिसते’ असं म्हणत नाहीत.”

“म्हणतील कशाला? त्यांचा येतोच कुठे फोटो!”

पण एके दिवशी घार आली. पंख पसरलेले, नख्या पुढे, डोळा स्वच्छ. रावजीने तो फोटो दारावर पाटीखाली लावला. लोकांनी पाहिला आणि विचारलं, मेलेली कुठे सापडली?

आणखी एक गोष्ट त्याला जेटीवर कळली, जी पुढे कामाला यायची होती. घारींना कॅमेऱ्याचं काही वाटत नसे. कावळा मात्र तीन पायांची ती चीज आणि वरचं काळं फडकं पाहिलं की लांब बसून राही. माशाचं डोकं समोर वाळत पडलं तरी येत नसे.

*

१९२८ च्या भाद्रपदात मुरुगवाड्यातले आप्पा भाटकर वारले. आप्पा मासेमारीच्या मचव्यावरचे जुने तांडेल. थोरला मुलगा धाकू आगबोटीवर खलाशी, तेव्हा कुठल्या समुद्रात होता कुणास ठाऊक. धाकटा लवू घरी, बापाचा मचवा तोच चालवी. मधली मालन. ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन परत आली होती आणि मागच्या पडवीत राहून बापाचं करत होती. आप्पांची इच्छा सगळ्या वाडीला पाठ होती : पडवी आणि विहिरीकडचे माड मालनला तिच्या हयातीपर्यंत असावेत. लवू त्यावर हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. त्याच्या बायकोला पडवीत जाळी ठेवायची होती.

लवू रामआळीत आला. “दादानं बजावून ठेवलंय. माझ्या मागं बापाचं काय झालं तर सगळं मला दिसलं पाहिजे म्हणाला. दहाव्याचा एक फोटो काढा.”

एवढ्यावर थांबायचं तर रावजी कसला? तो म्हणाला, “पिंडाला कावळा शिवतो ना, तो शिवतानाचाच काढतो. असा फोटो कुणी काढला नसेल.”

लवूने दाराजवळच्या घारीकडे पाहिलं. “ही मेलेली नाय?”

“जिवंत होती.”

“मग काढा.”

दहाव्याला भाट्याच्या खाडीकाठी, उंडीच्या झाडाखाली पाच-सहा पुरुष जमले. बायका घरीच. करमरकर भटजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले. रावजीने सकाळच्या उन्हात कॅमेरा लावला, पिंडावर भिंग जुळवलं, फट अरुंद केली, पडदा ताणला. पाचशेवा हिस्सा. सगळं घारीसारखंच.

उंडीवर कावळे बसले होते. एकही खाली येईना.

“आप्पा, सत्यनारायण घालतो,” लवू हात जोडून म्हणाला.

कावळे बसून राहिले.

“दादा आला की दोघं मिळून काशीला जाऊन येतो.”

एक कावळा दुसऱ्या फांदीवर गेला.

“लवू, जरा मोठं काहीतरी बोल,” चुलतभाऊ बाबल्या मागून म्हणाला. तो लवूच्याच मचव्यावर कामाला होता. “म्हातारा सत्यनारायणाला बधणारा नव्हता.”

कावळे का येत नाहीत हे तिथे एकालाच माहीत होतं. रावजीने कॅमेरा हात-दोन हात मागे घेतला असता, काळं फडकं काढून ठेवलं असतं, तर काम झालं असतं. पण मागे घेतला तर जुळवलेलं भिंग बिघडतं, आणि कावळा कॅमेऱ्याला भितो हे सांगितलं तर कॅमेराच नको म्हणतील. त्याने कॅमेरा होता तिथेच ठेवला.

तेवढ्यात समुद्राकडून ढग आला. आधी वाळू करडी झाली, मग पिंड. रावजीने वर पाहिलं. या उजेडात पाचशेवा हिस्सा म्हणजे कोरी काच. जेटीवरच्या सगळ्या वाया गेलेल्या काचा त्याला आठवल्या. मग तीस वर्षांची सवय मदतीला आली. त्याने पडदा ढिला केला, फट रुंद केली आणि अर्ध्या सेकंदावर आला. निदान माणसं येतील, पिंड येईल. आणि कावळा काय घार आहे झडप घालायला? तो खाली उतरेल, बसेल, इकडे-तिकडे पाहील, चोच मारेल. बसलेलं पाखरू अर्ध्या सेकंदात येतं.

भटजी दर्भाची काडी वळू लागले होते. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्राला तो चालतो. लवूने ते पाहिलं आणि त्याचा बांध फुटला.

“आप्पा,” तो रडत म्हणाला, “मालनला पडवी दिली. विहिरीकडचे माड दिले. तिच्या हयातीपर्यंत कोण बोट लावणार नाय. आता तरी शिवा.”

उंडीवरून एक कावळा सुटला. सरळ खाली आला, पिंडाला पाय टेकतात न टेकतात तोच कॅमेऱ्याकडे बघून दचकला आणि चोच मारून उडाला. रावजीने खटका दाबला होता. पडदा सरकला.

“शिवला!” बाबल्या ओरडला. लवू वाळूत बसून हुंदके देऊ लागला. भटजींनी हातातली दर्भाची काडी टाकून दिली.

त्या सकाळी मालनला राहायला घर मिळालं. ते तिच्या बापाने मिळवून दिलं की तीन पायांच्या कॅमेऱ्याने, हा प्रश्न फक्त रावजीलाच पडला, आणि त्यानेही तो लगेच दूर सारला.

*

काच धुतल्यावर माणसं छान आली होती. लवूचे जोडलेले हात, भटजींची शेंडी, पिंडाचं शीत न् शीत. कावळा नव्हता. पिंडावर धुराच्या लोटासारखा एक पुसट डाग होता आणि डागाखाली दोन बारीक रेघा. रावजी ती काच उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. त्या रेघा ओरखडे आहेत असं आपल्याला तेव्हा वाटलं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे.

डाग असलेला फोटो त्या दुकानातून बाहेर जात नसे. कावळा काढून देतो म्हणून मोठ्या तोंडाने गेलेल्या माणसाने धूर काढून आणला असं गावाने म्हणण्यापेक्षा कावळ्याच्या आधीचा क्षण काढला म्हणणं बरं. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि देवीचा व्रण भरावा तसा डाग भरला, मग रेघा भरल्या. पिंड स्वच्छ पांढरा झाला.

फोटो लवूच्या ओटीवर चौकटीत लागला. दादा आला की बघेल म्हणून. दादा यायला दोन वर्षं लागली. तोवर घरचेच बघत राहिले. दिवाळीपर्यंत लवू आल्यागेल्याला सांगे, कावळा आला आणि असा शिवला. दिवाळीनंतर, आला होता बहुतेक. शिमग्याच्या सुमारास, आला असं बाबल्या म्हणतो. पुढच्या पावसाळ्यात बाबल्याही म्हणेनासा झाला. फोटो रोज समोर होता, आणि फोटोत भटजींच्या हातात दर्भ स्पष्ट दिसत होता. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, “अरे, महिन्याकाठी कितीतरी दहावे करतो. दर्भ हातात आहे म्हणजे दर्भाचाच असेल.” आणि दर्भाच्या कावळ्याला कुणी शब्द देत नाही.

धाकू येणार असं कळल्यावर मालन दुकानात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

“रावजीदादा, बाप गेला तो गेला, आता त्याचा कावळापण गेला बघा.”

“बस की गो.”

“बसायला नाय आले. मी बाईमाणूस, मी तिथं नव्हते. तुम्ही व्हतात. लवू म्हणतो, दादानं फोटो बघून ठरवावं. पडवी त्याला जाळ्यांना पायजे. आप्पांच्या पडवीत मी राहते तर राहते, उद्या मला बाहेर काढलं तर सासरी कोण उभं करत नाय. तुम्ही एवढंच बोला, कावळा आला व्हता. एवढंच.”

“बघू,” रावजी म्हणाला.

“बघितलात तुम्ही,” मालन म्हणाली. “आता बोला.”

ती गेल्यावर राही आतून म्हणाली, “त्यात बघायचं काय? काच आहे ना? टर्पेंटाइन लावा, पेन्सिल पुसा, दाखवा.” नवऱ्याच्या धंद्यातलं तिला बरंच कळत असे.

रावजीलाही ते कळत होतं. पण पेन्सिल पुसायची म्हणजे आधी ती मारली हे सांगायचं. मग गडग्याच्या जागीही पेन्सिल मारली नव्हती कशावरून, असं कुणी तरी विचारणारच. दारावरची पाटी उतरवावी लागेल. आणि त्याहून आतलं एक बोचत होतं : तो शब्द लवूच्या तोंडून कुणी काढला? आपल्या काळ्या फडक्याने. मग तो आप्पांचा कावळा तरी म्हणावा का? हा विचार त्याला फार सोयीचा वाटला. सोयीचे विचार असेच खोल वाटतात.

धाकू आला तो बोटीवरच्या कोटात, चौकट काखेत घेऊन. मागे लवू. मालन रस्त्यावर, पलीकडच्या भिंतीशी. धाकू सरळ माणूस होता. सरळ माणसांना लवकर निकाल लावायचा असतो.

“रावजीशेट, मी तिथं नव्हतो. बहीण म्हणते आला, भाऊ म्हणतो नाय. तुम्ही सांगाल ते दोघांनी मान्य केलंय. कावळा आला व्हता?”

रावजीने तोंड उघडलं. तो बोलण्याआधीच लवू म्हणाला, “दादा, माणसाला कशाला विचारतोस? माणूस चुकतो. वरती लिहिलंय काय ते वाच.”

धाकूने मान वर करून पाटी वाचली. सावकाश, अक्षर लावत. “जे आहे ते होते. व जे नाही ते नव्हते.” मग रावजीकडे वळून, “हे कोर्टानं लिवलंय?”

“कोर्टानं,” रावजी म्हणाला.

“आणि हा फोटो काचेवर आला तसाच हाय? काय कमी-जास्त केलं नाय?”

रस्त्यापलीकडे मालन पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्यापर्यंत बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ती ओठ बघत होती.

“तसाच आहे,” रावजी म्हणाला.

धाकूने चौकट पुन्हा काखेत मारली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. रस्ता ओलांडून तो बहिणीशी काहीतरी बोलला. तिने दुकानाकडे पाहिलं. मान हलवली आणि त्या दोघांच्या मागून चालू लागली.

त्या हंगामात ती बोटीने मुंबईला गेली. गिरगावातल्या एका खाणावळीत भाकऱ्या थापायचं काम मिळालं, असं ऐकिवात आलं. पुढे जिन्याखाली झोपते असं आलं. मग काही वर्षांनी वारली असं आलं. मागच्या पडवीत जाळी लागली.

ती मुंबईच्या बोटीत बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रावजीने काच काढली आणि कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून पेन्सिल पुसली. नवीन कागदावर छाप घेतला. पिंडावर धुराचा लोट परत आला, दोन्हीकडे पसरलेला, पंखांएवढा. आणि खाली त्या दोन रेघा. पंख हलत होते म्हणून पुसले गेले, पण पाय क्षणभर टेकले होते, म्हणून ते उमटले होते. भिंग लावलं तर बोटंही मोजता येत होती.

तो छाप घेऊन तो मुरुगवाड्यात गेला. धाकू बोटीवर परत गेला होता. लवूने ओटीवर उभ्या उभ्या पाहिलं.

“काय हे?”

“कावळा.”

“डाग हाय,” लवू म्हणाला. मग हळू आवाजात, कुणी ऐकत नाही असं बघून, “आता कशाला आणलात?” आणि छाप परत दिला.

त्यानंतर रावजीने साहेबाचा कॅमेरा पेटीत बंद केला. जेटीवर गेला नाही. दारावरची घार काढली. पाटी राहू दिली. कोर्टाचा शिपाई येतच होता. झाकण काढायचं, मोजायचं, झाकण लावायचं. हलू नका, असं तो आता गिऱ्हाइकांना इतक्या हळू म्हणे की त्यांना पुन्हा विचारावं लागे. दुकानासमोरच्या कौलांवर कावळे बसत. राही त्यांना भात टाकायची तेव्हा तो आत निघून जाई.

१९३७ च्या थंडीत तो वारला. कचेरीतून चार ओळींचा दुखवटा आला. त्यात म्हटलं होतं की सदरहू इसमाने काढलेल्या फोटोंवर कोर्टाने वेळोवेळी विसंबून निर्णय दिले, व त्यांपैकी एकाही फोटोबाबत वाद उपस्थित झाला नाही. भाटकरांच्या ओटीवरचा फोटोही अजून तिथेच आहे : जोडलेले हात, भटजींच्या हातात दर्भ, पिंड पांढरा स्वच्छ.

कावळा आला होता.